शेफिल्डचं तुणतुणं

आमच्या ह्यांना शेफिल्डचं नाव काढायला निमित्त लागत नसे. चहा कडक झाला तरी शेफिल्ड, पांचट झाला तरी शेफिल्ड. दोह्याला बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन रणरणतंय, खिडकीतला एसी घरघरतोय, आणि हे लुंगी नेसून सांगणार, "सरोज, आमच्या गल्लीत धुकं असं पडायचं की स्वतःचा हात दिसायचा नाही." मी म्हणायची, "अहो, आता समोर ताट दिसतंय ना? मग जेवा."

माझे सासरे, बाजीराव, अठ्ठेचाळीस साली तिकडे इंग्लंडला पोलादाच्या भट्टीवर कामाला गेले. वर्षभराने बायको-मुलालाही नेलं. हे तेव्हा पाच वर्षांचे, परत आले तेव्हा सोळाचे. धूर एवढा, की दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत काळे. आणि हे सांगताना चेहऱ्यावर आनंद बघा, जणू गावात कारखाना धुराचा नाही, अत्तराचा होता! माझे कान किटले होते. लेक दोन वर्षांची झाल्यापासून सहा वर्षं हे कतारला बॅचलर कॅम्पात, म्हणजे एकट्या पुरुषांच्या बराकीत, आणि मी तिला घेऊन नाशिकला. वर्षातून एक महिना नवरा घरी यायचा, त्यातले पंधरा दिवस शेफिल्डच्या गप्पांतच जायचे. रडावं की हसावं?

एक्याऐंशी साली आम्ही दोघी व्हिजिट व्हिसावर आलो. दोह्यात फरीज बिन ओमरान भागात दोन खोल्यांचा फ्लॅट, खाली बकाला, म्हणजे किराणा. नीता आठ वर्षांची. व्हिसा संपायला महिना उरला होता. ह्यांच्या फॅमिली स्टेटसच्या फॉर्मवर मॅनेजरची सही झाली, तर आम्ही कायमच्या राहणार. नाही तर खलास, पुन्हा नाशिक, पुन्हा वर्षातून एक महिना. नीता ह्यांना अजून बुजायची. बापाला पाणी द्यायचं तर माझ्या हातात ग्लास द्यायची. मला ती सही हवी होती, बास.

आणि नेमका तेव्हा नवा मॅनेजर आला, मिस्टर ब्रॅमॉल. टाय, रुबाब, बोलणं एकदम रेडिओवरच्या बातम्यांसारखं. तीन दिवसांनी हे नाचत घरी आले. "सरोज, अगं तो आमच्या शेफिल्डचा! आज पंप बंद पडला तेव्हा चिडला आणि अस्सल आमच्या गल्लीतली शिवी हासडली! शुक्रवारी जेवायला बोलावलंय, बायकोसकट."

मी कपाळाला हात लावला. बजावून सांगितलं, "हवा-पाण्याचं बोला, क्रिकेटचं बोला. शेफिल्ड नको. सही होईपर्यंत तरी तोंड आवरा."

"इन्शाल्ला," हे म्हणाले. इथे कुणी असं म्हटलं की काम होत नाही, हे तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

शुक्रवारी दुपारी साहेब आणि मडम आले. मी पुरणपोळ्या, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, सगळं केलं होतं. मडम गोड स्वभावाची. तिने सांगितलं, की तिचे सासरे, म्हणजे साहेबाचे वडील, डॉक्टर होते, डर्बीशरकडे मोठं घर होतं. साहेब मान खाली घालून पोळीचा तुकडा मोडत होता.

आणि आमच्या ह्यांनी सुरू केलं. आपल्याकडे पाहुणा ओटीवर टेकला की विचारतात ना, गाव कुठलं, कुणाचे तुम्ही, वडील काय करायचे, मामाचं गाव कुठलं? तसंच, अगदी तसंच, इंग्रजीतून! मी टेबलाखालून पाय मारला. तो मडमला लागला. बाई बिचारी "सॉरी" म्हणाली.

साहेब म्हणाला, "मी त्या भागात कधी राहिलो नाही." तरी हे उठले आणि ट्रंकेतून फोटो घेऊन आले. त्रेपन्न सालच्या राज्याभिषेकाला त्यांच्या गल्लीत रस्त्यावर टेबलं मांडून पोरांना जेवण घातलं होतं, त्याचा. कागदी टोप्या घातलेली पन्नास गोरी पोरं आणि मधे एक आमचं काळं ध्यान. शेजारच्या पोराने ह्यांच्या गळ्यात हात टाकलेला. त्याची डावी भुवई अर्धी गायब.

"हा केन! फटाक्यानं भुवई जाळली, मीच पेटवला होता! ह्याची आई कोपऱ्यावर मासे तळून विकायची, मला रोज फुकट द्यायची. आडनाव तेव्हा कोण विचारतंय! सर, तुम्ही केनच ना?"

साहेबाचा हात डाव्या भुवईकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. तोंड पांढरं पडलं. मडम फोटोकडे हात पुढे करत होती.

मला सगळं समजलं. आमच्या ह्यांना काहीही समजलं नाही, ते मित्र भेटला म्हणून डोळ्यांत पाणी आणून उभे होते.

मी फोटो खसकन ओढून घेतला. माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "मडम, मनावर घेऊ नका. हे प्रत्येक इंग्रज माणसाला असंच म्हणतात. हे तिथे दोनच वर्षं होते, लहान होते. बाकी सगळं वडिलांकडून ऐकलेलं. थोडं मनाचंही घालतात." आणि हसले. देवा, मी हसलेसुद्धा.

मडमही हसली. साहेबाने श्वास सोडला आणि आणखी एक पुरणपोळी घेतली. हे माझ्याकडे बघत राहिले. मग खाली बसले आणि म्हणाले, "हो सर. गल्लत झाली माझी."

शनिवारी सही झाली. महिन्याभरात आमच्या पासपोर्टवर शिक्के पडले, नीता शाळेत जायला लागली. आता ती पाणी थेट बापाच्या हातात देते. माझ्या मनासारखं झालं सगळं.

पण त्या शुक्रवारपासून ह्यांच्या तोंडून शेफिल्ड गेलं. मी आधी म्हटलं, सुटले बाई एकदाची. पंधरा दिवस गेले, महिना गेला. चहा पांचट केला तरी पितात. मीच एकदा म्हटलं, "तुमच्या तिकडे बर्फ पडायचा ना हो?" म्हणाले, "आठवत नाही."

परवा नीताने विचारलं, "पपा, व्हॉट डिड युवर फादर डू इन इंग्लंड?" हे पेपर वाचत होते, मान वर केली नाही. मी म्हटलं, थांबा, आता बघतेच कसे बोलत नाहीत ते. मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "अगं, तुझे आजोबा ना, तिथे एका हॉटेलात भांडी घासायचे."

बापाच्या भट्टीबद्दल कुणी एक शब्द चुकीचा काढला, तर पूर्वी ताटावरून उठायचे हे. मी वाट बघत राहिले.

ह्यांनी पेपरचं पान उलटलं. म्हणाले, "हं. तसंच असेल."