झाकण लावल्यावर

"डबा उघडा असला की सिग्नल येतोय, झाकण लावलं की जातोय," टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर फोनवर म्हणाला. "काकू, परत एकदा लावून बघा."

खड्ड्याच्या काठावर बसलेल्या तिनं झाकण लावलं. गेला. काढलं. आला.

सकाळी खोदाईच्या यंत्रानं रस्त्याकडेची केबल तोडली होती. तिच्या नवऱ्यानं दुपारपर्यंत आतल्या काचेच्या सगळ्या तारा जोडल्या, सांध्यावरचा डबा बंद केला आणि सगळ्या लाइनी सुरू झाल्या. एक मात्र धाप लागल्यासारखी अडखळायला लागली. एक्स्चेंजमधल्या यंत्रानं बोट दाखवलं ते नेमकं या नव्या सांध्याकडे. एक्स्चेंजमधलं ते यंत्र तीच बघत होती. तिनं पिशवी उचलली आणि व्हॅनमध्ये बसली.

नवऱ्याला सगळे उस्ताद म्हणायचे. सांधे जोडणारी निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती, हा सुपरवायझरसुद्धा. पण वर्षभर उस्तादांचा उजवा हात थरथरत होता. त्यांची दोन कामं परत आली होती. आणखी एक आलं तर त्यांना साइटवर पाठवायचं नाही, असं वरून बजावलं होतं. म्हणून ती निघताना सुपरवायझर हळूच म्हणाला होता, की तुम्ही जाऊन गपचूप नीट करा, मी एक्स्चेंजमधल्या कनेक्टरवर धूळ होती असं लिहितो. तीही लगेच हो म्हणाली होती. येताना वाटभर तिनं ते वाक्य घोकलं. ज्या माणसाला आपलं घोरणंसुद्धा पाठ आहे त्याच्याशी खोटं बोलायचं, तर सराव लागतोच.

ते वाक्य ऐकून उस्ताद एवढंच म्हणाले होते, "धूळ तिथं, आणि झाडायला तू इथं?"

आता तिनं डब्यातला ट्रे उचलून पाहिला. केसाएवढी एक तार आपल्या खाचेतून निसटून ट्रेच्या कडेखाली आली होती. झाकण लावलं की कड तिला दाबत होती. बोटानं जरा सरकवली असती तरी भागलं असतं. तिनं बोट पुढं केलं.

"हात लावू नकोस."

उस्ताद मागंच उभे होते. चष्मा चढवून ते वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. हल्ली हे डबेच हलके येतात, कुणाचीही तार निसटेल, असं ती सांगत राहिली. त्यांनी फोन मागितला. तिनं तो पदराआड धरला. घरी बसून काय करणार, भिंतींशी बोलणार का, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, बोलेन, त्या खोटं तरी बोलत नाहीत.

मग ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"अगं, जन्मभर सांधे केले. चांगला झालेला एक तरी कुणी उघडून बघितला? सगळे जमिनीत गेले, वरून रस्ते झाले. उघडतात तो फक्त बिघडलेला. तो तरी माझ्या नावावर राहू दे. दया करून काढून घेऊ नका."

तिनं फोन दिला.

चूक माझी, तसंच लिही, असं उस्तादांनी सांगितल्यावर सुपरवायझर चाचरायला लागला. वरचे ऐकणार नाहीत, उद्यापासून तुम्हाला काम राहणार नाही, असं कसंबसं म्हणाला. उस्ताद म्हणाले, "मी तुला सांधा शिकवला. लपवायला कोणी शिकवलं?"

दबलेली काच भरवशाची नाही, म्हणून त्यांनी ती कापली. मी जोडते, असं ती म्हणाली, तर त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. तार सोलली, पुसली, टोक कापलं. जोडायच्या यंत्रानं नाकारलं, टोक तिरकं होतं. पुन्हा कापलं. पुन्हा नाकारलं. डब्यात वेटोळं करून ठेवलेली जास्तीची तार दर कापण्यागणिक तोकडी होत होती. आता एकदाच पुरेल एवढी उरली.

ती सरकून यंत्राला चिकटून बसली आणि खांदा पुढं केला. त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मनगट त्या खांद्यावर टेकवलं. थरथर तिच्या अंगात उतरली. तिनं श्वास धरला. टोक कापलं गेलं, तार खाचेत बसली. यंत्रात ठिणगी उडाली. सांध्यात सिग्नल किती गळतो त्याचा यंत्रावरचा आकडा उस्तादांनी वाचला आणि पहिल्यांदाच श्वास सोडला. मग तारेचं एकेक वेटोळं खाचेत बसवून त्यावरून बोट फिरवलं आणि झाकण लावलं.

"सिग्नल आहे?" त्यांनी फोनवर विचारलं.

"आहे, उस्ताद. हलत नाही."

तिनं फोन ओढून घेतला. "आता लिही. चूक त्यांची. दुरुस्तीपण त्यांचीच. दोन्ही लिही. एक गाळलीस, तर मी तिथं येऊन तुझ्या साहेबांसमोर लिहीन."

डबा खड्ड्यात गेला. पलीकडे मजूर फावडी टेकून वाट बघत होते. उस्तादांनी उजवा हात वर करून माती ओढायची खूण केली. वर्षभर चारचौघांत तो हात खिशातच असायचा. आता तो उन्हात उघडा थरथरत होता, आणि शेवटच्या मजुराचं लक्ष जाईपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.