एकतिसाव्या कोल्ह्याची चिठ्ठी

कानामागच्या घडीत ती बसली होती — करडी, तट्ट फुगलेली, एरंडाच्या बीएवढी गोचीड. वेतुरियाने चिमटा अगदी कातडीपाशी नेला आणि न पिळता, न पिरगाळता तिला सरळ वर ओढली. तोंडासकट सबंध निघाली. मेलेल्या कोल्ह्यासाठी एवढी निगुती! त्याला आता काय होणार होतं, डोंबल... पण हात शिकलेला होता, चुकत नव्हता. एकदाच काय तो चुकला होता, आणि तोही कोल्ह्यावर नव्हे.

पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर नंबर एकतीस, खाली गावाचं नाव, आणि मारणाऱ्याचं — साबिन क्रिशान, म्हणजे तिचे वडील. अक्षरही त्यांचंच. हिवाळ्यात आलेल्या सातव्या कोल्ह्याच्या चिठ्ठीवर ते निदान ओळीत तरी होतं. आता नाव लिहितालिहिताच खाली घसरलं होतं, शेवटचं अक्षर तर कागदाबाहेरच गेलेलं. बंदूक धरतात तरी कशी या हाताने, असं तिच्या मनात आलं.

शिकाऱ्यांनी कोल्हे मारून पाठवायचे, प्रयोगशाळेने मेंदू काढून रेबीज बघायचा, हे या जिल्ह्यात वर्षानुवर्षं चाललेलं. रेबीज आता निघतच नाही. म्हणून मग उरलेल्या कोल्ह्यातून, त्याच्या कानाच्या तुकड्यातून, प्लीहेतून गोचिडींमार्फत माणसालाही होणाऱ्या लाईमसारख्या रोगांचे जंतू शोधायचं नवं काम वेतुरियाच्या गळ्यात पडलं होतं. एकतिसाव्याचे तुकडे गेल्याच आठवड्यात तपासणीला गेले होते; बाकीचा कोल्हा शीतपेटीत होता, तो आज अंगावरच्या गोचिडी वेचायला बाहेर काढला होता. दुपारी लिओन्तिनाबाईंनी, तिच्या साहेबीणबाईंनी, दारातूनच कागद पुढे केला. तुमच्या डोंगरावरचा कोल्हा नुसता भरलाय बघ, लाईमचा जंतू, म्हणाल्या, आणि कॉफी प्यायला निघून गेल्या.

भरलाय... आमच्या डोंगरावरचा.

दोन वर्षांपूर्वीचा ईस्टर. आई गेल्यानंतरचा पहिला. टेबलावर कोकराचं मटण, पालिंका या घरगुती दारूची बाटली, आणि भिंतीकडची आईची खुर्ची कुणी हलवलेली नाही. बाबांनी पँट वर केली — गुडघ्यामागे गोचीड. चिमटा वेतुरियाच्या पर्समध्ये होता, नेहमीच असतो. पण बाबा फळीवरच्या बरणीकडे बोट दाखवून म्हणाले होते, तुझी आई लावायची तशी लाव की थोडी चरबी, गुदमरून आपोआप सुटेल. गावात सगळे तसंच करतात. आणि गोचीड गुदमरली की पोटातलं सगळं माणसाच्या रक्तात ओकते, हे गावोगावच्या शिकाऱ्यांना सभेत पडद्यावर चित्रं दाखवून शिकवणारी बाई कोण? तीच! तरी तिने बरणी उघडली. डुकराच्या चरबीचा तो वास, आईच्या बोटांचा... तिने बोटभर घेऊन चोपडली, आणि बाबांनी डोळे मिटून घेतले.

मग बाबांचे गुडघे सुजले. शरद ऋतूत डावा गाल लोंबला, महिन्याने परत जागेवर आला. छातीत ठोका चुकायला लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं, गोचीड चावली होती का कधी? बाबा ताठ बसून म्हणाले, चावली होती, पण माझी लेक प्रयोगशाळेत आहे, तिने नीट काढली. डॉक्टर तिच्याकडे बघून हसले, मग प्रश्नच नाही म्हणाले, आणि वयावर ढकलून मोकळे झाले. ती शेजारच्याच खुर्चीवर होती. पर्स मांडीवर धरून. एक शब्द... फक्त एक शब्द बोलायचा होता, आणि रक्त तपासलं गेलं असतं.

तिने हातमोजे काढले, हात दोनदा धुतले आणि फोन लावला. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट, मग बाबांचा आवाज. पोराचे शाळेतले मार्क विचारावेत तसं त्यांनी आधी हेच विचारलं, की माझ्या कोल्ह्याचं काय झालं. रेबीज नाही, ती म्हणाली, गोचिडीचा जंतू आहे.

"तरीच. पळतसुद्धा नव्हता गं बिचारा. माझ्याकडे बघत नुसता बसला होता."

"बाबा, त्या दिवशी चरबी लावायला नको होती मी."

पलीकडे बाबांनी कोंबड्यांना हुसकून लावलं.

"ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले. "दर वर्षी सभेत सांगतेस की तू. मागच्या बाकावर असतो मी."

"मग डॉक्टरांना तसं का सांगितलंत?"

"तू शेजारी बसली होतीस ना, वेतू."

उद्या येते, आपण परत जाऊ डॉक्टरांकडे, मी सांगते सगळं, असं ती भराभर म्हणाली. बाबा म्हणाले, बघू, उद्या लाकडाची गाडी यायची आहे. आणि फोन ठेवून दिला.

ती तशीच उभी राहिली. दोन वर्षं ती एक गोष्ट त्यांच्यापासून जपून ठेवत आली होती, आणि ते तीच गोष्ट तिच्यासाठी जपत होते, सुजल्या गुडघ्यांनी, चुकत्या ठोक्यांनी... कबूल केलं की हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. छे. उद्या गाडी आली नाही तर? आणि आली तर? समोर एकतिसावा कोल्हा, डोळे अर्धे उघडे. तिने पायाची चिठ्ठी सोडवली. ती खरं तर वहीत चिकटवायची असते, तिने पर्समध्ये ठेवली. कागदाबाहेर गेलेल्या त्या अक्षराचा उरलेला भाग कुठे उमटला असेल — स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बहुतेक. उद्या गेले की आधी तेच बघेन, ती मनाशी म्हणाली, मग त्यांच्याकडे.