गावस एस., १९९५

लग्नात नाव बदलू नकोस, असं शहरबानू मॅडम मला तीनदा म्हणाल्या होत्या. मुंबईच्या कॅन्सर प्रयोगशाळेत त्या माझ्या गाईड. "आडनावाचं एक वेळ सोड, तू तर पहिलं नावही बदलतेयस. पेपर नावाने शोधतात गं. उद्या तुझंच काम तुला सापडायचं नाही."

"मॅडम, मला कोण शोधायला येतंय?" मी हसण्यावारी नेलं. महिन्याभरात ताटातल्या तांदळावर नवऱ्याने अंगठीने 'सोनम' लिहिलं. तो सोमनाथ, म्हणून त्याला शोभेल असं. समिधा गावसची सोनम तांडेल होऊन मी अजमानला आले.

सहा वर्षांनी, २००२च्या मार्चमध्ये, शारजातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमधून मुलाखतीला बोलावलं. तोंडाच्या कॅन्सरवर नवं काम, जागा एकच. सोमनाथ दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात ड्यूटीवर, म्हणून चार वर्षांच्या विघ्नेशला घेऊनच गेले. खांद्याला माझी नेहमीची पिशवी: त्याचं लसीकरणाचं कार्ड, तापाचं औषध, घरातल्या सगळ्या कागदांच्या कॉप्या. "पिशवी आहे की कॉन्सुलेट?" सोमनाथ नेहमी म्हणतो.

डॉक्टर नूरुद्दीन मूळचे महाडचे. माझा अर्ज चाळताना थांबले. "बाई, तीन वर्षं कॅन्सरमध्ये काम, आणि पब्लिकेशन्सचा रकाना कोरा?"

"एक पेपर आहे, सर. पण जुन्या नावावर. मला वाटलं, तो आता धरत नाहीत."

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मीच धरून चालले."

त्यांनी चष्मा काढला. "छापलेलं काम नसेल तर बोर्ड तुमचं नाव पुढे जाऊ देणार नाही. कशावर होता पेपर?"

मशेरीवर. भाजलेली तंबाखू दातांना लावणाऱ्या बायकांच्या गालांच्या आतल्या पेशी आम्ही तपासल्या होत्या. लांज्याची प्रभावती नाटेकर घरोघरी जायची. बायका तोंड उघडायला लाजत, म्हणून ती आधी त्यांच्या शेजारी बसून स्वतः मशेरी लावायची. मग त्या हसत आणि आ करत. काचेवरच्या बिघडलेल्या पेशी मोजायचं काम माझं. कोणती काच कोणाची हे झाकून, प्रत्येक काच दोनदा. या पद्धतीसाठी मॅडमनी पहिलं नाव माझं टाकलं, दुसरं प्रभावतीचं.

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर सवयीने अर्जावरचंच 'तांडेल एस.' टाकलं. शून्य.

"मम्मा, आय ॲम बोअर्ड," विघ्नेश म्हणाला. त्याचा हात काचपट्ट्यांच्या खोक्याकडे चालला होता. मी तो पकडून ठेवला.

"जुनं आडनाव?"

"गावस."

पेपर दिसला. त्याखाली एक यादी उघडली, आणि डॉक्टर ती खाली सरकवत राहिले. "त्रेचाळीस."

"काय त्रेचाळीस?"

"एवढ्या पेपरांनी तुमच्या पेपराचा हवाला दिलाय. हे अंकारा. हे ओसाका. कराचीचे तर तीन. खार्तूमवाल्यांनी तुमची मोजणी जशीच्या तशी उचललीय, आणि नावानिशी सांगितलंय." ते माझ्याकडे वळले. "सहा वर्षं काय करत होता, बाई?"

"डबे," मी म्हटलं. ते मोठ्याने हसले आणि मलाही हसू आवरेना. विघ्नेशचा हात मी इतका घट्ट धरला होता की तो "ओव" म्हणाला. मी भाजी चिरत होते तेव्हा खार्तूममध्ये कोणीतरी काचेवरचं नाव झाकून दुसऱ्यांदा मोजत होतं. माझ्यासारखंच.

"पण गावस आणि तांडेल एकच, हे बोर्डाला कसं पटवायचं?" डॉक्टर गंभीर झाले. "कागद आज लागेल. फाईल दुपारी जाते."

मी पिशवी टेबलावर ओतली. औषधाची बाटली गडगडली, मोजे पडले, आणि तळातून व्हिसासाठी शिक्के मारून घेतलेलं लग्नाचं सर्टिफिकेट निघालं. त्यावर दोन्ही नावं, एकाखाली एक.

"खलास, झालं काम," डॉक्टर म्हणाले. चार दिवसांनी त्यांचा फोन आला: शनिवारपासून या.

त्या यादीचा कागद आता फ्रीजवर आहे. सोमनाथ येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो, अंकारा कुठे आहे हेही सांगतो. मॅडमना फोन केला, तर त्या आधी मनसोक्त रागावल्या. मग म्हणाल्या, "प्रभावतीला कळवलंस?"

कसं कळवू? तिचंही लग्न झालं, राजापूरकडे कुठेतरी. तिथे तिचं नाव काय ठेवलं, मॅडमना माहीत नाही, मलाही नाही. मोजणीनंतर आम्ही काचांवरची झाकलेली नावं उघडली तेव्हा एक काच तिची स्वतःची निघाली होती. आकडा बरा नव्हता. मी म्हटलं होतं, "प्रभे, आता मशेरी सोड." ती म्हणाली, "काम संपलं की सोडते."

राजापूरकडे तुमचं कोणी असेल तर एवढं करा. पस्तिशीची, उंच, डाव्या भुवईवर जुना व्रण, बायकांना पटकन हसवणारी. माहेरचं नाव विचारा. प्रभावती नाटेकर म्हणाली, तर त्रेचाळीसचा आकडा तिला सांगा, त्यात अर्धा तिचा आहे. मग तिला उजेडात बसवून आ करायला सांगा, आणि गालांच्या आत पांढरा चट्टा आहे का, तेवढं बघून या.