गाऱ्हाण्याचा नारळ

"उंबऱ्यात उभा राहून काय न्याहाळतंस? राजवाडा नाय हा. आत ये, नायतर वाट धर."

शेवंताबाईनं असं फटकारलं तरी दारातला माणूस हलला नाही. चाळिशीचा असेल. उजव्या हाताचं कातडं मनगटापासून कोपरापर्यंत ओढून शिवल्यासारखं.

"मावशी, मी धर्मराज. रत्नागिरीकडचा. कान्हाबरोबर जहाजावर होतो."

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं नाही. पाखडणं तेवढं थांबलं.

कान्हा तिचा एकुलता एक. नव्या शहरासाठी करावे गावातलं त्यांचं मिठागर गेलं, तेव्हा तो म्हणाला होता, इथंच गवंड्याच्या हाताखाली राहीन. तिनंच त्याला झापलं होतं, "दुसऱ्याच्या घराच्या विटा वाहनार? दर्यावर जा, बापासारखा!" तो तेलाच्या जहाजावर खलाशी झाला. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात कंपनीचा कागद आला: आखातात जहाज बुडालं, कान्हा सापडला नाही. वाचून दाखवणाऱ्यानं एवढंच सांगितलं. बुडालं म्हणजे दर्यानं घेतला. यात आणखी विचारायचं ते काय?

तेव्हापासून तिनं दर्याशी वैर धरलं. घरात मासळी येईना. खाडीच्या काठानं जाताना, सवतीच्या दारावरून जावं तशी ती तोंडावर पदर ओढी. नारळी पौर्णिमेला सारं गाव वाजतगाजत खाडीवर जाई, आणि ही एकटी गावदेवीच्या देवळात जाऊन नामा भगताच्या हाती नारळ देई. गाऱ्हाणं घालायला. गाऱ्हाण्याला नाव आणि गाव लागतं. कुणी केलं, कुठल्यानं केलं, ते देवीला सांगितल्याशिवाय भगत नारळ फोडत नाही. ती ठणकावून सांगे, "नाव दर्या. आनि गाव म्हनशील, तर जिथवर पानी तिथवर." चार वर्षांत चार नारळ फुटले होते.

धर्मराज आत आला, भिंतीला टेकून बसला. "चार वर्षं पाय उचलला नाही, मावशी. परवा रेडिओवर सांगितलं, तिकडची लढाई थांबली. म्हटलं, आता तरी जावं."

"तुफान मोठं होतं का रं?"

"तुफान?" तो तिच्याकडे बघतच राहिला. "पाणी ताटात ओतल्यासारखं होतं. दुपारची वेळ. कान्हा डेकवर रंग मारत होता. लांबून पाण्याला चिकटून काहीतरी येत होतं. तो म्हणाला, 'धर्मा, बगळा बघ. आमच्या खाडीवर असाच येतो.'"

"मंग?"

"उडत येणारा बाँब होता तो. जहाजभर आग झाली. ज्याला जमलं त्यानं उडी टाकली. मला पाण्यानं विझवलं, म्हणून मी आज इथं आहे. कान्हा पाण्यापर्यंत पोचलाच नाही."

सूप मांडीवर तसंच. तांदळावर माशी बसली, तीही तिनं हाकलली नाही.

"कोनी टाकला?"

"इराकच्या विमानानं. बाँब फ्रान्सचा."

"आनि भांडान?"

"इराक आणि इराणचं."

"जहाज त्यांचं होतं?"

"नाही. मालक ग्रीसचा, झेंडा लायबेरियाचा, तेल जपानला जायचं."

"मेल्यांनी जत्राच भरवली! हत्यारं कोन देई?"

"रशिया द्यायचा इराकला. इराणकडं अमेरिकेची, जुनी. मग अमेरिकापण इराककडं झुकली. रशिया-अमेरिकेचं आपसात वाकडं, पण समोरासमोर लढत नाहीत."

"दुसऱ्याच्या अंगनात कुत्री झुंजवतात, आनि आपन माडीवरनं बघतात." तिनं सूप बाजूला सारलं. "आनि माझा कान्हा कुनाच्या बाजूनं होता?"

"कुणाच्याच नाही, मावशी. तो रंग मारत होता."

पौर्णिमेला ती देवळात उभी राहिली. नामानं सवयीनं नारळ घेतला, डोळे मिटले. "बाय माजे, शेवंताबायचा पोर नेला... दर्यानं ना?"

"दर्यानं नाय."

नामानं डोळे उघडले. "मंग कोनी? नाव सांग."

"फ्रान्स..."

"फ्रान्स मानसाचं नाव का गावाचं?"

बांधावरून भांडताना समोरच्याचे सात पिढ्यांचे पूर्वज नावानिशी उकरून काढणारी बाई, आज तोंड उघडून नुसती उभी. एक नाव मात्र तिला पक्कं ठाऊक होतं, गावासकट. 'दर्यावर जा' म्हणणारीचं. ते जिभेवर आलं, आणि तिनं दात आवळले.

"नावाबिगर फोडता नाय यायचा, शेवंता," नामा हळूच म्हणाला. "देवीनं धाडायचं कुनाकडं?"

तिनं नारळ परत घेतला. खाडीवर तिला येताना पाहून वाजंत्री आपसूक थांबली. पदर न ओढता ती घोट्याएवढ्या पाण्यात गेली.

"तुझ्यावर आळ घेतला," ती पाण्याला म्हणाली. "माफीबिफी मागायची मना सवय नाय. तुझं नाव काढून घेतलं, समजलं?"

लाट आली, पाय भिजवून परत गेली. नारळ तिनं सोडला नाही. तो दर्यासाठी नव्हताच. घरी आणून कान्हाच्या फोटोशेजारी फळीवर ठेवला.

वर्ष गेलं. रेडिओवर कसल्या कसल्या देशांची नावं येत. कुठून रशियाची फौज माघारी गेली, कुठं अमेरिकेची आली. ती हातातलं काम थांबवून नावं ऐके आणि पुन्हा कामाला लागे.

पुढच्या पौर्णिमेला नामा खाडीवर जाताना दारात थबकला. "शेवंता, नाव गावलं का?"

तिनं फळीवरचा नारळ काढून कानाशी हलवला. आतलं पाणी कधीच आटलं होतं. सुटलेला खोबऱ्याचा गोटा करवंटीवर आपटत होता, बाहेर काढा म्हणून कुणी दार ठोठावावं तसा.

"नाय," ती म्हणाली, आणि नारळ पदरानं पुसून परत जागेवर ठेवला.