अप्पांच्या मापाच्या खुर्च्या

मंगळवारी सकाळी पावणेअकराला कारखान्यातल्या सगळ्या तयार व्हीलचेअर तीन मिलिमीटरने अरुंद झाल्या. आवाज अजिबात झाला नाही. तपासणीच्या कांबळेबाईंनी सीटचं माप घेतलं, पुन्हा घेतलं आणि नोंद करून चहा प्यायला गेल्या. गेल्या आठवड्यात हे दोनदा झालं होतं. माणसाला कशाचीही सवय होते.

रेवती मगदूम मात्र चहा टाकून उठली. खुर्चीचं डिझाइन तिचं होतं आणि चूकही तिचीच. संगणकावर सीटचं माप जोडायचं ते कधीही न हलणाऱ्या मधल्या रेघेला, हे शिकाऊ मुलीलाही ठाऊक असतं. रेवतीने गडबडीत, हाताशी होता म्हणून, ते चित्रातल्या खुर्चीत बसवलेल्या माणसाला जोडलं. हा माणूस म्हणजे तिचे वडील. घरी अप्पांना स्टुलावर बसवून तिने टेपने त्यांची रुंदी घेतली होती आणि तेवढाच माणूस पडद्यावर काढला होता. माणूस बदलला की खुर्ची बदलायची, अशी ती जोडणी. पडद्यावरच्या माणसाला कुणी हात लावला नव्हता. बदलत होते ते घरातले अप्पा.

दुपारी ती घरी गेली.

"जेवलात का, अप्पा?"

"अर्धी भाकरी खाल्ली की."

"काल अख्खी खाल्ली होती."

"काल भूक होती."

तिने टेप लावला. गेल्या वेळेपेक्षा बरोबर तीन मिलिमीटर कमी. तिला रडू आलं. माप जुळलं म्हणून क्षणभर बरंही वाटलं, आणि त्याची तिला फार लाज वाटली.

ती कारखान्यात परतली तेव्हा मालक बुगडेसाहेब तिच्या टेबलापाशी वाटच बघत होते.

"जोडणी तोड आणि मोकळी हो."

"तोडली की खुर्ची आहे तिथं थांबेल, साहेब. अप्पा नाही थांबणार."

"मग उलटी जोड की. माणूस खुर्चीला."

कपाट इकडचं तिकडे सरकवायला सांगावं, तसं त्यांनी हे सांगितलं. रेवतीने सीटचं माप पुन्हा पहिल्यासारखं चारशे साठ मिलिमीटर केलं आणि माणूस त्याला जोडला. लगेच घरून अप्पांचा फोन आला.

"रेवती, विजारीची नाडी पुरेना झालीय गं. आणि उरलेली भाकरी कुठं ठेवलीस?"

रेवती इतकी हसली की कांबळेबाई डोकावून गेल्या. गेल्या पंधरा दिवसांचा घोर एका क्लिकने उतरला होता. एवढं सोपं होतं तर आधीच का नाही सुचलं, म्हणून तिने स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या.

आता मापं बरोबर होती, म्हणून बाईंनी सगळ्या खुर्च्या पास केल्या. पास झाल्या, म्हणून तीन वाजता आवारात ट्रक लागला. ट्रकमध्ये भरायच्या, म्हणून पॅकिंगचे दगडूमामा पहिल्या खुर्चीपाशी गेले आणि मिटण्यासाठी त्यांनी सीटचं कापड मधोमध धरून वर ओढलं.

फोन वाजला.

"अगं, मला कुणीतरी मधनंच उचलतंय बघ," अप्पा म्हणाले. त्यांना नीट बोलता येत नव्हतं.

खुर्ची मिटली की वीतभर उरते, हे रेवतीनेच काढलेलं होतं. आणि अप्पा एका खुर्चीला नाही, सगळ्याच खुर्च्यांना जोडलेले होते. ती फोन कानाला लावूनच पळाली आणि मामांच्या हातांवरच धपकन बसली. कापड खाली गेलं. फोनवर अप्पांनी मोठा श्वास घेतला.

"उठा की, ताई. गाडी लागलीय."

"उठणार नाही, मामा. अप्पा आहेत."

दगडूमामांनी तिच्याकडे बघितलं. फोनकडे बघितलं. मग हात सोडवून घेऊन ते शेजारच्या खुर्चीत बसले. कांबळेबाई आल्या, त्यांनी पदर सावरला आणि तिसरीत बसल्या. वेल्डिंगवाले, रंगाचे, सगळे एकेक करून आले. बुगडेसाहेब ओरडायलाच बाहेर आले होते. त्यांनी रांग बघितली आणि चष्मा पुसत तेही बसले. रेवतीला त्या सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण उठायची सोय नव्हती.

खुर्च्या चौतीस होत्या, माणसं एकोणीस.

"सगळेच बसलात होय?" ट्रकचा ड्रायव्हर हसत आत आला. उशीर होत होता, आणि माणूस स्वभावाने मदतीचा होता. बाह्या सारून त्याने विसाव्या खुर्चीचं कापड दोन्ही हातांनी धरलं.