बांगड्यांवरचं फडकं

माझ्या सासूला एका बाईचा हेवा वाटतो, आणि मला माझ्या सासूचा. घरात अशा दोन जळकुट्या असल्या की चुलीला वेगळं सरपण लागत नाही, असं उजैर म्हणतो. उजैर म्हणजे माझा नवरा. तो बांगड्यांची पेटी मोटरसायकलला बांधून आज रिद्धपूर, उद्या आणखी कुठला बाजार करत फिरतो. त्याला बोलायला काय जातं!

आमचं दुकान चांदूर बाजारात, सरकारी दवाखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे गादीवर अम्मी बसते. गावासाठी ती कुलसुमबी. दिवसभर बायांचे हात धरणं हे तिचं काम. काचेची बांगडी चढवायची तर हात मऊ करावा लागतो, साबणाचं पाणी लावून, बोटांची पेरं एकेक करून दाबून. तेवढा वेळ बाईला दुसरं काही करता येत नाही. भाकर थापता येत नाही, गहू निवडता येत नाही, पोराच्या पाठीत धपाटासुद्धा घालता येत नाही. नुसतं बसावं लागतं, आणि बसली की ती बोलते.

अम्मीची एक पद्धत आहे. हात हातात घेतला की मान वर न करता म्हणते, "हात उतरला वं तुया. काय झालं?" उतरला म्हणजे वाळला. बाई म्हणते, "काही नाही." सगळ्याच तसं म्हणतात. अम्मी हात सोडत नाही, दाबत राहते. मग जरा वेळानं दुसरं उत्तर येतं, आणि ते खरं असतं.

लग्न होऊन अकोल्याहून इथे आले तेव्हापासून मी हे आतल्या दारात उभी राहून बघते आहे, हातात चहाचा ट्रे घेऊन. गावातल्या प्रत्येक बाईला अम्मीनं विचारलंय. मला नाही. माझे हात ती ईदेला भरते, तेही घाईत. "जल्दी हात दे महेजबीन, दूध उतू जाईल." बरोबरच आहे. दूध मीच तापत ठेवलेलं असतं. पाणी मीच भरते, पोरांना शाळेत मीच सोडते, गावभरच्या साड्यांना फॉल मीच लावते, आणि दुपारी खोक्यांतल्या बांगड्या मापाप्रमाणे लावायलाही मीच बसते. घरच्या माणसाला काय विचारायचं? ते तर घरातच असतं.

तर त्या मॅडमची गोष्ट.

त्या वर्षांत आमच्या भागात शेतीचं काही खरं नव्हतं. संत्रा झाडावरून गळायचा, कापूस हाती आला तर भाव पडलेला असायचा. बाया डझनाऐवजी अर्धा डझन भरायच्या, तेही सण असला तर. शेतीवाल्या घरांतल्या बायांच्या डोक्याला फार ताण आहे म्हणून दवाखान्यात दर गुरुवारी अमरावतीहून एक समुपदेशक यायला लागली. माधवी मॅडम. खांद्याला पिशवी लावून एसटीनं यायची, दिवसभर बायांशी बोलायची, संध्याकाळी परत.

पहिल्या गुरुवारी अम्मीनं तिच्याकडून परतणाऱ्या शेजारच्या शकुनला दुकानात अडवलं.

"काय देलं वं त्या मॅडमनं? गोया देल्या?"

"नाही."

"मंग इंजेक्शन?"

"काहीच नाही. आयकते."

"आयकते?" अम्मीच्या हातातली बांगडी तशीच राहिली. "सरकार आयकाचा पगार देते? अन् मी इतकी वर्षं काय करून राह्यली?"

त्या दिवसापासून अम्मीला गुरुवार सोसेना. मॅडमला खुर्ची आहे, पंखा आहे. मॅडम दार लावून बोलते, म्हणजे काहीतरी लपवाछपवी आहे. मॅडम पोरगी आहे, तिला काय कळतं संसारातलं? मी आतून ऐकायचे आणि मनातल्या मनात हसायचे. खोटं का बोलू, मला बरंही वाटायचं. ज्या चटक्यानं मी इतकी वर्षं भाजत होते, तो आता तिलाही बसत होता.

पण खरी आग दुसरीच होती. भागीरथा त्या मॅडमकडे जायला लागली होती.

भागीरथा म्हणजे अम्मीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तिच्या लग्नाचा हिरवा चुडा अम्मीनं भरलेला, दोन्ही डोहाळजेवणांचा, दिवाळीचा, दर पोळ्याचा. आली की तास तास उठायची नाही. माझी मोठी मुलगी झाली तेव्हा डिंकाचे लाडू माझ्या आईच्या आधी तिच्या घरून आले. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा, उत्तमराव, काविळीनं गेला. शेत, दोन मुली, आंधळी सासू, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर पडलं. आणि नवरा गेल्यावर तिच्याकडे बांगड्यांच्या दुकानात येण्याचं कारणच उरलं नाही.

महिनाभरानं ती पहिल्यांदा आमच्या रस्त्यानं आली तेव्हा मी दुकानातच होते. मोकळे हात, पदर गळ्यापर्यंत ओढलेला. अम्मीनं तिला लांबून पाहिलं, झटकन पांढरं फडकं उचललं आणि मांडलेल्या सगळ्या बांगड्या झाकून टाकल्या. मग खाली मान घालून बसली. भागीरथा क्षणभर थबकली आणि पुढे निघून गेली.

"चुडा डोळ्यापुढं आला का जीव दुखते बाईचा," अम्मी मला म्हणाली. मलाही ते पटलं. त्यानंतर भागीरथा दिसली की फडकं पडायचं. आता ती दर गुरुवारी दिसत होती, जाताना आणि येताना. फडकंही दोनदा पडत होतं.

"आपल्याइकडं पाहत बी नाही," अम्मी फडक्याचं टोक ओढत म्हणायची. "मॅडम भेटली ना आता! मॅडमच्या हाताले काय सोनं लागलं?" भागीरथा परतताना तिचा चेहरा जरा मोकळा दिसला की त्या दिवशी माझ्या भाजीत मीठ जास्त असायचं, पोरं वांड असायची आणि उजैर पैसे उडवणारा असायचा. अम्मीला रात्री जेवण जायचं नाही. एकदा मी तिला डोळे पुसताना पाहिलं. मला पाहून म्हणाली, साबण गेला डोळ्यात. त्या वेळी दुकान बंद होऊन बराच वेळ झाला होता.

शेवटी एका गुरुवारी अम्मीनं बुरखा चढवला. "चाल. मले बी टेन्शन आहे."

"काय सांगणार तिला?"

"सांगन काही बी. पाहू तं दे काय जादू करते ते."

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाक होता. बाकावर भागीरथा नंबर लावून बसली होती. अम्मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. मधे दोन बाया सहज बसल्या असत्या. मी खांबाला टेकून उभी राहिले. मग अम्मीला राहवलं नाही.

"मॅडमचा हात लय मऊ असन, नाही?" ती समोरच्या भिंतीला म्हणाली.

"असन," भागीरथाही भिंतीलाच म्हणाली. "पण ते मले पाहून दुकान झाकत नाही."

अम्मीची मान गर्रकन वळली. "काय म्हटलं?"

"खोटं आहे का? इतक्या वर्षांचं येणंजाणं. मालक गेले अन् तूनं मले पाहून फडकं टाकलं. मी काय तुया माल बाटवाले येत होती? घरचे म्हणत, हळदीकुंकवाले येऊ नको. चुलतजाऊ म्हणे, पोरीच्या साक्षगंधात मांगं बैस. म्हटलं, असू दे, कुलसुमबी तशी नाही. तिच्यात तं हे नसते. तिच्याइकडं जाऊन बसन." भागीरथानं आता अम्मीकडे पाहिलं. "बसाले आली होती वं मी त्या दिवशी."

अम्मी उठून उभीच राहिली. तिला राग कोणाचा आला होता, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"अवं बयताड! तुया जिवाले लागन म्हून झाकलं ना मी! तुह्या डोयापुढं चुडे नोको म्हून! दर वेळी झाकाचं अन् खाली पाहाचं, मले काय हौस होती? मी तं म्हणत होती, हे मॅडमकडं पयते अन् माह्याकडं ढुंकून पाहत नाही."

"तूच खाली पाहत होती, तं मी कोणाकडं पाहू?"

तेवढ्यात दार उघडलं आणि मॅडमनं भागीरथाला आत बोलावलं. किरकोळ अंगाची, चष्मा लावलेली बाई. तिनं अम्मीकडे पाहून नमस्कार केला आणि विचारलं, "तुम्हालाही यायचंय का?" अम्मीनं नाही म्हणून मान हलवली आणि परत बाकावर बसली. दार लागलं. आम्ही बसून राहिलो. घरी पोरं शाळेतून येऊन दारात बसली असतील, हे मी दोनदा सांगितलं. अम्मीला ऐकू आलं नाही.

"इतका येळ काय सांगत असन तिले?" ती बंद दाराकडे बघत म्हणाली. हेवा काही असा एका दिवसात जात नाही.

पुढच्या गुरुवारी अम्मीनं सकाळीच ते फडकं माझ्या अंगावर फेकलं. "धुवून टाक. अन् पोतेऱ्याले घे." दुकानातल्या सगळ्या बांगड्या उघड्या होत्या, हिरव्या, लाल, सोनेरी ठिपक्यांच्या. भागीरथा रस्त्यानं आली. बांगड्यांकडे पाहून थांबली. अम्मीनं मान खाली घातली नाही. गादीवर थाप मारली, "बैस."

भागीरथा बसली. जुन्या सवयीनं तिचा डावा हात पुढे आला आणि लगेच मागे गेला. अम्मीनं तो मधेच पकडला, साबणाच्या पाण्यात बोटं बुडवली आणि एकेक पेर दाबायला लागली.

"कशाले वं? भरायच्या तं नाहीत."

"नसू दे. हात उतरला वं तुया. काय झालं?"

"काही नाही."

अम्मी दाबत राहिली. बाहेर एक बाई पोरीला घेऊन बांगड्या घ्यायला उभी होती. अम्मीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"रातचीच लाइन असते शेतात," भागीरथा हळूच म्हणाली. "मोटर चालू कराले उठतो, बंद कराले उठतो. आता लाइन नसली तरी उठतो. दोन वर्षं झाले, मी झोपलीच नाही वं."

"मॅडमले सांगतलं हे?"

"सांगतलं."

"मले पह्यले सांगाचं ना!" अम्मी चिडून म्हणाली, आणि भागीरथा हसली. दोन वर्षांनी ती आमच्या दुकानात हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी आतल्या दारात ट्रे घेऊन उभी. मला आनंद व्हायला हवा होता, तो झालाही. पण त्याच्याखाली तो जुना हेवा होताच. विकायला काही नसताना, घ्यायला काही नसताना अम्मी तो हात धरून बसली होती. आणि मी सकाळपासून बूड टेकलं नव्हतं.

मी वाकून भागीरथासमोर चहा ठेवला. माझ्या बांगड्या मनगटावरून घरंगळून पंजावर आल्या. त्या ईदेला भरलेल्या होत्या, तेव्हा साबण लावूनही चढत नव्हत्या.

भागीरथा चहाकडे पाहत नव्हती.

"कुलसुमबी," ती म्हणाली, "तुह्या सुनेचा हात पाह्यला का?"

अम्मीनं पाहिलं. गावातला प्रत्येक हात अंधारात ओळखणारी माझी सासू माझ्या हाताकडे बघत राहिली. बाहेरची ती बाई कंटाळून निघून गेली. अम्मीनं भागीरथाचा हात अलगद तिच्या मांडीवर ठेवला आणि माझं मनगट धरून मला खाली बसवलं. घरात आम्ही कामापुरतं बोलतो. पण ती माझ्याशी बोलली ते गिऱ्हाइकाशी बोलते तसं.

"हात उतरला वं तुया. काय झालं?"

गॅसवर दूध होतं. पोरांची शाळा सुटायची वेळ झाली होती.

"काही नाही," मी म्हणाले.

अम्मीनं हात सोडला नाही.