शिमग्यात तापलेली गाडी

आऱ्याची चढण अर्धी झाली आणि मृणालीला दिसलं, की तापमानाचा काटा लाल रेघेजवळ गेलाय. तिने एसी बंद केला, गाडी कडेला घेतली आणि इंजिन थांबवलं. बॉनेटच्या फटीतून करपट गोड वास येत होता. डाव्या हाताला खाली समुद्र चकाकत होता. पर्यटकांच्या गाड्या गणपतीपुळ्याच्या दिशेने सुसाट जात होत्या. कुणी थांबलं नाही, आणि तिनेही कुणाला हात केला नाही.

ती निघाली होती वेळणेश्वरला, सासरच्या घरी. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रामदेवतेची पालखी त्यांच्या वाडीत येणार होती. सासूबाई, यमुनाबाई, दीड वर्षापूर्वी गेल्या. मागच्या शिमग्याला घरात वर्ष पाळायचं होतं, म्हणून पालखी दारावरून पुढे गेली. आता घर बंदच असे. नवरा नितेश बोटीवर, इंजिनरूममध्ये. मुलगी नम्रता पुण्याच्या हॉस्टेलात, परीक्षेच्या तोंडावर. दार उघडायला कुणी नसेल तर यंदाही पालखी पुढेच जाणार. नितेशने बोटीवर चढताना एवढंच मागितलं होतं, "शिमग्याला घर उघडं ठेव."

अर्ध्या तासाने काटा उतरला. हीटर पूर्ण चालू करून, काचा खाली करून तिने गाडी हळूहळू रत्नागिरीला परत आणली. मार्चच्या उन्हात पायांवर गरम हवेचा झोत. घराजवळच्या भाट्याच्या पुलापाशी पोचेपर्यंत पाठीला ब्लाऊज चिकटला होता. पण हीटरमुळे काटा वर गेला नाही, हे तिने ध्यानात ठेवलं.

त्यांची गाडी नेहमी सदूच्या गॅरेजला जायची. शटर बंद. शेजारची दोन गॅरेजंही बंद. शिमग्याला रत्नागिरीतला मेकॅनिक शोधणं म्हणजे तसं अवघडच. सगळे आपापल्या गावाला पालख्या नाचवायला गेलेले. तिने सदूला फोन लावला. मागे ढोल वाजत होते.

"वहिनी, मी लांज्याला हाय. परवा येतो."

"परवा उपयोग नाही रे. उद्या सकाळी निघायचंय मला."

"पाणी कमी झालंय का बघा. पण गरम असताना झाकण उघडू नका हां, तोंडावर येईल."

"ते माहितीय."

"एसी लावल्यावर रेडिएटरचा पंखा फिरतो का?"

"बघते."

"पंखा चालू आसंल आणि गळती नसंल, तर थर्मोस्टॅट आसंल. तो काढून टाका नि तशीच चालवा. आमी सगळ्यांचा काढतो." मग कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन कटला.

वेळणेश्वरला एसटीनेही जाता आलं असतं, चिपळूणवरून फिरून. पण शिमग्याच्या गाड्या खच्चून भरलेल्या असतात, आणि पूजेचं सामान, घरात पाणी भरायला नवा पंप, हे सगळं डिकीत होतं. मृणाली घरी आली, चहा केला आणि कपाटातून गाडीचं पुस्तक काढलं. नितेशला तिने व्हॉट्सअॅपवर लिहिलं, "गाडी तापतेय." त्यापुढे एकच टिक आली. बोट ब्राझील सोडून निघाली होती. तिकडे नेट लागलं तर लागलं, नाहीतर चार-चार दिवस नाही.

गाडी थंड झाल्यावर तिने बॉनेट उघडलं. बाटलीत कूलंट तळाला गेला होता. रेडिएटरचं झाकण फिरवलं तर आत पाणी लालसर, तांबड्या मातीच्या विहिरीचं असावं तसं. मग तिला आठवलं, गेल्या मे महिन्यात मालगुंडजवळ तिनेच बाटलीभर बोअरचं पाणी ओतलं होतं. फरशीवर गळतीचा डाग नव्हता. ऑइलची काठी ओढून पाहिली. ऑइल काळं होतं, दुधाळ नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं की दुधाळ असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय आणि काम मोठं आहे. तिला हायसं वाटलं, आणि ते सांगायला कुणी नव्हतं म्हणून तिने ते स्वतःशीच मोठ्याने म्हटलं, "दुधाळ नाही."

पाणी भरून गाडी चालू केली. एसी लावला, पंखा फिरला. एसी बंद करून ती तशीच उभी राहिली. काटा मध्यावर आला, मग वर. इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणाऱ्या जाड नळीला तिने जपून बोट लावलं. इंजिन धगधगत होतं आणि नळी नुसती कोमट. रेडिएटर तर गारच. म्हणजे गरम पाणी तिथवर पोचतच नव्हतं. वाटेतलं दार, म्हणजे थर्मोस्टॅट, बंद होतं.

दहा नंबरचा पाना नितेशच्या पेटीत सापडला. त्या पेटीत प्रत्येक वस्तू चिंधीत गुंडाळलेली, ऑइलच्या वासाची. थर्मोस्टॅटवरच्या झाकणाच्या दोन बोल्टपैकी एक लगेच सुटला, दुसऱ्यावर गंज. तिने बराच वेळ पाना धरून जोर लावला, मग टॉवेल गुंडाळून, मग पायरीवर बसून नुसतं त्याच्याकडे बघितलं. समोरच्या घरातल्या बाई गॅलरीतून म्हणाल्या, "काय झालं हो?" ती म्हणाली, "काही नाही, जरा गाडीचं." बाई आत गेल्या. शेवटी गंजावर तेल सोडून ती जेवायला बसली आणि जेवून आल्यावर बोल्ट फिरला.

थर्मोस्टॅट लहानसा असतो, वाटीच्या बुडाएवढा, मध्ये स्प्रिंग. तिने तो पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि गॅस लावला. पाणी खळखळू लागलं तरी त्याची चकती हलली नाही. बाजारात स्पेअर पार्टवाल्याचं दुकान दुपारी अर्धं उघडं होतं. नवा थर्मोस्टॅट आणि गॅस्केट मिळालं, कूलंटचा कॅन मिळाला. घरी येऊन तिने नवाही पातेल्यात उकळला. चकती हळूच वर आली आणि पिवळ्या उजेडात मधली फट दिसली. गॅस बंद केल्यावर ती पुन्हा मिटली. मृणालीने गॅस परत लावला, पुन्हा बघायला.

सदू म्हणाला होता, काढूनच टाका. पण नितेश म्हणायचा, मशीनमध्ये बनवणाऱ्याने घातलेली वस्तू उगाच काढायची नाही. तिने रेडिएटरमधलं लाल पाणी सोडून दिलं, पाइप लावून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलं, नवा भाग बसवला, कूलंट भरला. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. आत अडकलेल्या हवेचे बुडबुडे येत राहिले. नळी दाबली की अजून येत. ते थांबायला बराच वेळ लागला. तिन्हीसांजेच्या आत तिने भाट्यापासून पावसच्या रस्त्यावर एक फेरी मारली, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये. काटा मध्यावर राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आऱ्याची चढण पार पडली. तिला आनंद झाला, पण तो कोणाकडे बघून व्हावा तसा झाला नाही. काट्याकडे बघून झाला. जयगडला फेरीबोटीत गाडी घातली, हँडब्रेक ओढला. बोट खाडीच्या मध्यावर असताना फोन वाजला. नितेश.

"मेसेज आता बघितला. गाडी तापतेय म्हणजे? कुठे आहेस तू?"

"जयगडला. फेरीबोटीत."

"तापत्या गाडीने निघालीस?" आवाज तुटत होता, पण त्याचाच होता. "ऐक आता. पहिल्यांदा थंड होऊ दे. मग ऑइलची काठी काढ. दुधाळ दिसतंय का बघ."

मृणालीने नीट ऐकू यावं म्हणून काच वर घेतली.

"बरं," ती म्हणाली.

"मग रेडिएटरची वरची नळी. गरम आहे का हाताला बघायचं. पण जपून. फॅनपासून हात लांब."

"बरं. मग?"

"मग म्हणजे, इंजिन गरम आणि नळी गार असेल तर थर्मोस्टॅट गेलाय. तो काय करतो माहितीय का? आत मेण असतं त्याच्या. तापलं की फुगतं, वाट उघडतं." तो सांगत राहिला, बोटीवरच्या इंजिनाला असाच भाग असतो, पण केवढा तरी मोठा, मागच्या आठवड्यात तो अडकला तेव्हा सगळे चोवीस तास खाली होते. असं तो बरेच महिने बोलला नव्हता. फोन व्हायचे ते 'जेवलीस का', 'पैसे आले का', 'नम्रता काय म्हणते' एवढ्यावरच संपायचे. ती स्टिअरिंगवर कोपर टेकून ऐकत होती. शेजारच्या जीपमधला माणूस खाली उतरून मासे न्याहाळत होता.

"कळलं का?" त्याने विचारलं.

"मेणाचं परत सांगा," ती म्हणाली.

त्याने सांगितलं. तवसाळचा धक्का जवळ आला, माणसं गाड्यांत परत बसू लागली. "बोट लागतेय," ती म्हणाली, आणि त्याने काही विचारायच्या आत नेटवर्क गेलं. गाडी नीट झाली हे सांगायचं राहिलं. सांगायचं राहिलं की सांगितलं नाही, हे तिने हेदवीपर्यंत मनाशी ठरवायचा प्रयत्न केला. मग सोडून दिलं.

घराचं कुलूप घट्ट झालं होतं. उघडून तिने झाडलं, अंगण सारवायला शेजारच्या सखूकाकी धावून आल्या. "बाय माझे, एकटीच आलीस गाडी घेऊन?" त्या म्हणाल्या. "हो," मृणाली म्हणाली, आणि पंप जोडायला घेतला.

दुपारी ढोल जवळ आले. पालखी अंगणात नाचली, टेकली. मृणालीने ओटी भरली. म्हातारे गुरव पुढे झाले. गाऱ्हाणं घालायचं होतं.

"काय सांगू देवीला?"

"हे बोटीवर आहेत. सुखरूप परत येऊ देत. मुलीची परीक्षा आहे."

"आनी तुजा?"

माणसं थांबली होती, ढोलवाल्यांनी काठ्या खाली धरल्या होत्या. कित्येक महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि आता विचारला तो एवढ्या लोकांसमोर.

"माझं काही नाही," ती म्हणाली.

गुरवांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले. नवऱ्याचं मागितलं, मुलीचं मागितलं. मग आपल्याच मनाने म्हणाले, "आनी ही एवढ्या लांबनं एकटी आलीय, हिच्या सोबत रव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

पालखी उठली आणि पाणंदीतून पुढच्या घराकडे गेली. सारवलेल्या अंगणात पावलांचे ठसे आणि गुलाल राहिला. मृणालीने हात धुतले. आतून खुर्ची आणून ती ओट्यावर बसली आणि ढोल कुठवर पोचले ते ऐकत राहिली.